चिंगीसह घर भाड्याने: तोरिनोतलं एक प्रकरण

पुण्याहून तोरिनोला आलेल्या एका जोडप्याचं हे प्रकरण आहे. तोरिनो म्हणजे इंग्रजी नकाशावरचं ट्युरिन. नवऱ्याला तिथल्या पोलितेक्निकोत, म्हणजे तंत्रविद्यापीठात, तीन वर्षांची संशोधनाची नेमणूक मिळाली होती. बायको पुण्यातल्याच कंपनीचं काम घरून करणार होती. आणि तिसरी चिंगी: सहा वर्षांची, १७ किलो वजनाची, तांबूस पिवळ्या रंगाची देशी कुत्री. पिल्लू असताना कोथरूडमध्ये सोसायटीच्या गेटापाशी सापडली, तेव्हापासून घरातलीच. घर शोधताना इटालियनमध्ये बोलायचं-लिहायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे सगळा पत्रव्यवहार माझ्या नजरेखालून गेला. दोघांना विचारून लिहिते आहे. त्यांची नावं आणि पत्ता देत नाही, चिंगीचं नाव तेवढं ठेवलं आहे.

आधी कुत्रीच्या कागदपत्रांबद्दल थोडं, कारण घरशोधाची घाई तिथूनच सुरू झाली. रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघाने ज्या देशांना सवलत दिली आहे, त्या यादीत भारत नाही. त्यामुळे क्रम ठरलेला असतो. आधी १५ अंकी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, आणि तो युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासायचा. प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरलं पाहिजे. त्यानंतर नमुना घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. हे सगळं झालं की निघण्याच्या तोंडावर सरकारी पशुवैद्यकाकडून आरोग्य प्रमाणपत्र घ्यायचं, आणि ते हाती आल्यापासून दहा दिवसांत युरोपच्या दारात पोचायचं.

ही दहा दिवसांची मुदत फार महत्त्वाची होती. नवरा पुढे गेला होता आणि विद्यापीठाच्या निवासात राहत होता, तिथे प्राणी चालत नव्हते. बायको चिंगीला घेऊन पुण्यात थांबली होती. घराची चावी हातात आल्याशिवाय प्रमाणपत्र काढण्यात अर्थ नव्हता, आणि घर मिळेना. कुत्रीला आधी आणू, घर मग बघू, हा मार्गच नव्हता.

नवऱ्याने सुरुवातीला जाहिरातींना स्वतःच निरोप पाठवले होते. ते मी नंतर पाहिले. मोबाइलमधल्या भाषांतराच्या सोयीने बनवलेला मजकूर असा होता: "चाओ, ला कासा ए लिबेरा? ई मिएई आनिमाली सोनो पेर्मेस्सी?" म्हणजे, घर रिकामं आहे का, माझ्या प्राण्यांना परवानगी आहे का. व्याकरणात मोठी चूक नाही. तरीही बहुतेक ठिकाणी उत्तरच आलं नाही, आणि आलं तिथे "नो आनिमाली, ग्रात्सिए", प्राणी नकोत, धन्यवाद, एवढंच.

घरमालकाच्या खुर्चीत बसून हा निरोप वाचला की अडचण कळते. अनोळखी माणसाला, तेही व्यवहाराच्या पहिल्या ओळीत, "चाओ" म्हणत नाहीत, ते मित्रांतलं अभिवादन. तिथे "ब्वोनजॉर्नो", म्हणजे नमस्कार, आणि पुढे सगळं "लेई", म्हणजे आपल्या अहो-जाहोचं बोलणं. दुसरं म्हणजे "ई मिएई आनिमाली". वाचणाऱ्याला वाटतं, यांच्याकडे प्राणी किती आहेत? दोन मांजरं, एक कुत्रा, एखादा पोपट? आणि सगळ्यात मोठी उणीव ही, की विचारणारा कोण, काय करतो, किती दिवस राहणार, याचा पत्ताच नाही. इटलीतल्या घरमालकाला कुत्र्यापेक्षा कितीतरी जास्त धास्ती असते ती भाडं थकवणाऱ्या भाडेकरूची. अशा भाडेकरूला तिकडे "मोरोझो" म्हणतात, आणि त्याला कोर्टाकरवी बाहेर काढायला लागणारा वेळ घरमालकांच्या गप्पांत कायम असतो. ती धास्ती शमवण्याआधीच समोर प्राणी उभे केले, की नाही म्हणणं सगळ्यात सोपं.

मग नवऱ्याने इंटरनेटवर वाचून कायदा हाताशी घेतला. इटलीच्या नागरी संहितेतलं कलम ११३८. सहनिवासांचा, म्हणजे "कोंदोमिनिओ"चा कायदा २०१२ साली सुधारला गेला, क्रमांक २२०, आणि तो जून २०१३ मध्ये लागू झाला. त्या सुधारणेने या कलमाच्या शेवटी एक वाक्य जोडलं: इमारतीच्या नियमावलीला पाळीव प्राणी बाळगायला मनाई करता येत नाही. त्याने हे वाक्य जसंच्या तसं एका एजन्सीला पाठवलं. उत्तर एका ओळीचं आलं, मालकाला प्राणी नको आहेत, आणि संवाद संपला.

कायदा खराच आहे. पण तो इमारतीला बांधतो, घरमालकाला नाही. सहनिवासातले शेजारी बहुमताने ठराव करून कुणाच्या घरातलं कुत्रं बाहेर काढू शकत नाहीत, एवढं तो सांगतो. घर भाड्याने देताना मालक स्वतःच्या करारात "प्राणी ठेवू नयेत" असं कलम घालू शकतो आणि भाडेकरूने सही केली की ते त्याच्यावर बंधनकारक होतं. पुण्या-मुंबईतून येणाऱ्यांचा इथे गोंधळ होणं मी समजू शकते. आपल्याकडे २०१५ साली भारतीय पशुकल्याण मंडळाने रहिवासी संघांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही असं म्हटलं आहे. आपली भांडणं बहुधा सोसायटीच्या कमिटीशीच होतात, म्हणून माणूस तोच दाखला घेऊन घरमालकासमोर जातो. ज्याच्या होकारावर सगळं अवलंबून आहे, त्याला पहिल्याच निरोपात कलम ऐकवणं म्हणजे दार आपल्याच हाताने लावून घेणं.

याच सुमाराला त्यांना एक सल्लाही मिळाला, जो इथे अनेक भारतीय एकमेकांना देतात. कुत्र्याबद्दल बोलूच नका, सही करा, महिनाभराने घेऊन या, कुणी काही करत नाही. या सल्ल्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. करारात प्राण्यांचा उल्लेखच नसेल तर पाळीव प्राणी ठेवायला सहसा आडकाठी येत नाही, हे खरं. पण मनाईचं कलम असेल आणि ते मोडलं, तर करारभंगाच्या मुद्द्यावर घर सोडायची पाळी येऊ शकते. परदेशात, नव्या नोकरीत, राहण्याच्या परवान्याचे कागद अजून वाटेत असताना, १७ किलोंच्या कुत्रीला घेऊन पुन्हा घर शोधायला निघणं ही काय वेळ असते, ते मी इतर कुटुंबांच्या बाबतीत पाहिलं आहे. त्यात सगळ्यात जास्त हाल प्राण्याचे होतात. दोघांनाही हे पटलं.

मग आम्ही निरोप नव्याने लिहिला. तो पूर्ण देते, कारण या प्रकरणातली खरी कामाची चीज हीच आहे:

"ब्वोनजॉर्नो, ले स्क्रीवो पेर इल बिलोकाले इन झोना सांता रीता. स्यामो उना कोप्प्या, इओ सोनो रिचेर्कातोरे आल पोलितेक्निको, चेर्क्यामो कासा पेर आल्मेनो त्रे आन्नी. आब्ब्यामो उना काञ्ञोलीना दी सेइ आन्नी, दी ताल्या मेद्या, स्तेरिलिद्झाता, वाच्चिनाता ए कोन मिक्रोचिप, आबितुआता आ वीवेरे इन आप्पार्तामेंतो. वोलेवो क्येदेर्ले से इल प्रोप्रिएतारिओ सारेब्बे दिस्पोनीबिले आद आच्चेत्तार्ला. पोस्स्यामो फोर्नीरे इल लिब्रेत्तो सानितारिओ ए उना पोलित्सा दी रेस्पोन्साबिलिता चिवीले. कोर्द्याली सालूती."

मराठीत सांगायचं तर: सांता रीता भागातल्या दोन खोल्यांच्या घराबद्दल आपल्याला लिहितो आहे. आम्ही नवरा-बायको, मी पोलितेक्निकोत संशोधक, किमान तीन वर्षांसाठी घर हवं आहे. आमच्याकडे सहा वर्षांची, मध्यम आकाराची कुत्री आहे. नसबंदी झालेली, लसी आणि मायक्रोचिप असलेली, फ्लॅटमध्ये राहायची सवय असलेली. मालक तिला ठेवून घ्यायला तयार होतील का, हे आपल्याला विचारायचं होतं. तिचं आरोग्यपुस्तक आणि नुकसानभरपाईची विमा पॉलिसी आम्ही देऊ शकतो. कळावे.

यातला क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. कोणतं घर, आम्ही कोण, किती काळ, मग कुत्री, मग प्रश्न, मग हमी. "वोलेवो क्येदेर्ले" म्हणजे "विचारायचं होतं". आपणही दुकानात "जरा विचारायचं होतं" म्हणतो, तोच हा नरमपणा. "सारेब्बे दिस्पोनीबिले" मध्ये मालकाच्या इच्छेला मान आहे, हक्क सांगणं नाही. "परवानगी आहे का" असं विचारलं की समोरचा नियम आठवतो. "तयार होतील का" असं विचारलं की त्याला मालकाला फोन करावा लागतो, आणि आपल्याला तेच हवं असतं.

शेवटच्या हमीबद्दल थोडं. इटलीत कुटुंबप्रमुखाच्या नावाने नागरी दायित्वाची पॉलिसी मिळते, तिला "पोलित्सा देल कापोफामील्या" म्हणतात. घरातल्या माणसांकडून किंवा पाळीव प्राण्याकडून तिऱ्हाइताचं नुकसान झालं तर ती कामी येते. प्राण्याने केलेल्या नुकसानीची जबाबदारी इटालियन नागरी संहितेच्या कलम २०५२ प्रमाणे तसंही मालकावरच असते, म्हणजे पॉलिसी घेऊन आपण नवीन काही पत्करत नाही. पण न मागता ती पुढे केली, की समोरच्याचा सूर बदलतो. पॉलिसी घेताना मात्र प्राणी त्यात धरलेला आहे का आणि भाड्याच्या घराचं नुकसान त्यात बसतं का, हे वाचून घ्यायचं. सगळ्या पॉलिसी सारख्या नसतात.

निरोप गेल्यावर मी फोन करायला सांगितलं. इटलीत एजंट लेखी निरोपाला दोन दिवस हात लावत नाहीत, पण फोन उचलतात. फोनवर जे प्रश्न येणार ते आम्ही आधीच घोकून ठेवले होते, आणि अगदी तेच आले. "दी के ताल्या?" आकार केवढा. "आब्बाया?" भुंकते का. "रेस्ता दा सोला?" घरी एकटी राहते का. आणि "दी के रात्सा ए?" जात कुठली.

या शेवटच्या प्रश्नावर आमच्यात थोडी चर्चा झाली होती. बायकोला चिंगी भारतीय देशी जातीची आहे हे अभिमानाने सांगायचं होतं, आणि तो अभिमान मला मान्य आहे. पण तोरिनोतल्या एजंटला ते नाव ऐकून काहीच बोध होणार नाही, आणि बोध झाला नाही की माणूस सावध होतो. २००९ सालापासून धोकादायक जातींची सरकारी यादी इटलीत राहिलेली नाही, तरी घरमालकांच्या मनात ती असतेच. म्हणून आम्ही म्हटलं, "ए उना मेतिच्चा". मिश्र जातीची. उत्तर इटलीतल्या कितीतरी घरांत दक्षिणेकडच्या प्राणी-निवाऱ्यांमधून दत्तक आणलेले "मेतिच्ची" असतात, लोकांना त्यांचं कौतुक असतं. एजंट बाई लगेच म्हणाल्या, माझ्याकडेही एक आहे. त्यांनी त्याच संध्याकाळी घरमालकिणीला विचारलं आणि घर बघायला बोलावलं.

घर सांता रीताच्या एका जुन्या इमारतीत, लिफ्ट असलेलं, आतल्या चौकाकडे बाल्कनी असलेलं. आत गेल्यावर माझं लक्ष पहिल्यांदा जमिनीकडे गेलं. लाकडी पार्के असती तर नखांच्या ओरखड्यांवरून बोलणी अवघड झाली असती. इथे होती आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत दिसते तशी मोझाइकची फरशी. घरमालकीण सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी ओरखड्यांचा विषयही काढला नाही. त्यांनी आम्हाला बाल्कनीत नेलं आणि खालच्या मजल्याकडे बोट दाखवलं. तिथला रहिवासी रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो. कुत्री भुंकली तर तो त्यांच्या भाडेकरूकडे येणार नाही, इमारतीच्या व्यवस्थापकाकडे जाईल आणि व्यवस्थापक फोन करेल तो त्यांना.

नकारामागचं कारण इतकं स्वच्छ कुणी सांगितलं, तर त्याच्यासारखं दुसरं भाग्य नाही. त्याला उत्तर देता येतं. बायको घरून काम करते, कुत्री दिवसातून फार तर तास-दीड तास एकटी असेल, हे नवऱ्याने सांगितलं. पुण्यातल्या घरात चिंगी एकटी असतानाचं चित्रण त्यांच्याकडे होतं, ते दाखवलं. दाराची घंटा वाजते, चिंगी उठते, दारापाशी जाऊन हुंगते, परत येऊन सोफ्याखाली पडते. भुंकत नाही. सिन्योरांनी, म्हणजे घरमालकीणबाईंनी, ते दोनदा पाहिलं. मी त्याच वेळी पुढचा प्रश्न टाकला: "इल रेगोलामेंतो कोंदोमिनिआले प्रेवेदे क्वाल्कोझा सुल्यी आनिमाली?" इमारतीच्या नियमावलीत प्राण्यांबद्दल काही आहे का. त्या म्हणाल्या, आहे, पूर्वीपासून मनाई आहे, पण दुसऱ्या मजल्यावर एक कुत्रा आहेच.

म्हणजे नवऱ्याने चुकीच्या माणसाला पाठवलेलं कलम ११३८ आता योग्य माणसापुढे ठेवायची वेळ आली होती. पण ते आम्ही सिन्योरांना ऐकवलं नाही. व्यवस्थापकाकडून नियमावलीची प्रत मागवावी आणि त्यातलं मनाईचं कलम आजही लागू आहे का ते त्यांनाच विचारावं, अशी विनंती केली. इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. नियमावली दोन प्रकारची असते. एक रहिवाशांच्या सभेने बहुमताने केलेली, दुसरी बिल्डरने केलेली आणि प्रत्येक घराच्या खरेदीखतात सगळ्यांनी स्वीकारलेली. पहिलीतली प्राणिबंदी २०१३ नंतर टिकत नाही. दुसरीबद्दल न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत, त्यामुळे तिथे जपून पावलं टाकावी लागतात. या इमारतीची नियमावली सभेने केलेली निघाली. व्यवस्थापकाने मेलमध्ये तसं लिहून दिलं, आणि वर सामायिक जागेत पट्टा लावावा, चौकात मोकळं सोडू नये, घाण लगेच उचलावी, असं कळवलं. मालकिणीच्या मनातली शेवटची शंका गेली ती या मेलने. आम्ही कितीही कायदा सांगितला असता तरी ती गेली नसती.

त्या "वा बेने" म्हणाल्या, ठीक आहे. दोघांना वाटलं, झालं. मला मात्र काळजी कराराची होती.

करार तीन अधिक दोन वर्षांचा, ठरवून दिलेल्या भाडेमर्यादेतला, ज्याला "कानोने कोंकोर्दातो" म्हणतात. याचा नमुना सरकारी असतो आणि शेवटी "आल्त्रे क्लाउझोले", म्हणजे इतर कलमं, अशी जागा असते. मसुदा मेलवर आला आणि त्या जागेत, भिंतीला खिळे ठोकू नयेत आणि पोटभाडेकरू ठेवू नये यांच्या मधोमध, ही ओळ होती: "ए फात्तो दिव्येतो आल कोंदुत्तोरे दी तेनेरे आनिमाली." भाडेकरूला प्राणी ठेवण्यास मनाई आहे.

कुणाच्या मनात कपट नव्हतं. एजन्सीचा नेहमीचा मसुदा होता, ओळ तशीच राहून गेली. एजंट बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "नोन सी प्रेओक्कूपी, ए उना क्लाउझोला स्तांदार्द." काळजी करू नका, ठरावीक कलम आहे, सिन्योरांना माहीत आहे ना. इथे भलेभले सही करून मोकळे होतात. घर हातचं जाईल ही भीती असते, समोरची माणसं चांगली असतात, आणि एका ओळीसाठी अडून बसणं उद्धटपणाचं वाटतं. पण सिन्योरा सत्तरीच्या पुढच्या होत्या. उद्या घराचा व्यवहार मुलाकडे किंवा पुतण्याकडे गेला, तर त्याच्या हातात कागद असेल, बाल्कनीतलं बोलणं नसेल.

नवऱ्याने स्वतः, माझी मदत न घेता, फोनवर म्हटलं: "कापीस्को, मा प्रेफेरिरेम्मो के फोस्से स्क्रीत्तो नेल कोंत्रात्तो." समजलं, पण ते करारात लिहिलेलं असेल तर बरं वाटेल. आवाज चढला नाही, कायद्याचं नाव निघालं नाही. मनाईची ओळ निघाली आणि तिच्या जागी आम्ही सुचवलेली ओळ आली:

"इल लोकातोरे आउतोरिद्झा इल कोंदुत्तोरे आ तेनेरे नेल्लिम्मोबिले उन काने दी सुआ प्रोप्रिएता, इदेंतिफिकातो दाल मिक्रोचिप नूमेरो", पुढे चिंगीचा १५ अंकी क्रमांक, "फेर्मा रेस्तांदो ला रेस्पोन्साबिलिता देल कोंदुत्तोरे पेर एवेंतुआली दान्नी काउझाती दाल्लानिमाले." घरमालक भाडेकरूला त्याच्या मालकीचा, या क्रमांकाच्या मायक्रोचिपचा एक कुत्रा घरात ठेवण्यास परवानगी देतो, आणि प्राण्यामुळे काही नुकसान झाल्यास त्याची जबाबदारी भाडेकरूची राहील.

क्रमांक घालायची कल्पना बायकोची. त्याने परवानगी एका प्राण्यापुरती बांधली जाते, आणि मालकाला त्यातच दिलासा वाटतो. आज एक, उद्या तीन, ही शंका उरत नाही.

अनामत रकमेवरून थोडी ओढाताण झाली. जाहिरातीत दोन महिन्यांचं भाडं अनामत म्हणून होतं. एजन्सीने "पेर इल काने", कुत्रीसाठी, आणखी दोन महिन्यांचं मागितलं. १९७८ चा कायदा क्रमांक ३९२, कलम ११: अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. कुत्र्याची अनामत, साफसफाईची अनामत, नाव काही द्या, बेरीज त्या मर्यादेतच राहायला हवी. आम्ही स्वतःहून तिसरा महिना द्यायची तयारी दाखवली आणि चौथ्याबद्दल एवढंच विचारलं की तो कायद्याच्या मर्यादेत बसतो का, ते एकदा बघून घ्याल का. तासाभरात तीन महिन्यांवर शिक्कामोर्तब झालं. घर सोडताना व्यावसायिक सफाई करून द्यायची, हे दोघांनी मान्य केलं. मला ते रास्त वाटलं.

चावी घेताना आम्ही प्रत्येक खोलीची छायाचित्रं काढली. स्वयंपाकघराच्या दाराला खालच्या बाजूला जुने ओरखडे होते, कदाचित पूर्वीच्या कुणाच्या मांजराचे. ते ताबा-नोंदीत, "वेर्बाले दी कोन्सेन्या"त, लिहून घेतले. कुत्रा असलेल्या भाडेकरूच्या घरात सापडलेला प्रत्येक ओरखडा कुत्र्याच्याच नावावर जातो, म्हणून ही खबरदारी इतरांपेक्षा यांना जास्त गरजेची होती. नेहमीच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, हे संहितेचं कलम १५९० सांगतं. पण कुठला ओरखडा कधीचा, हे कलम सांगत नाही.

घर मिळाल्यावर पुण्यात प्रमाणपत्र काढलं आणि चिंगी मुदतीच्या आत मिलानच्या माल्पेन्सा विमानतळावर उतरली. तोरिनोत आल्यावर सरकारी पशुवैद्यकीय सेवेकडे श्वान-नोंदणी झाली, "आनाग्राफे कानीना". कुत्र्यांसाठी ती सक्तीची आहे. रस्त्यावर पट्टा दीड मीटरपेक्षा लांब नसावा आणि मुसकं जवळ बाळगावं, हा देशभराचा नियम. पियात्सा दार्मीच्या बागेत ती दोन वेळा जाऊ लागली.

खालच्या मजल्यावरून चिठ्ठी आलीच, पण भुंकण्याबद्दल नाही. "ला मात्तीना प्रेस्तो सी सेन्तोनो ले उंग्ये देल काने." सकाळी लवकर कुत्र्याची नखं ऐकू येतात. मोझाइकच्या ज्या फरशीवर मी खूश झाले होते, तिच्यावर नखं टकटक वाजत होती, आणि रात्रपाळीहून येऊन पाठ टेकणाऱ्या माणसाला ती झोपू देत नव्हती. बायकोने त्याच दिवशी खाली जाऊन, मोडक्या इटालियनमध्ये, माफी मागितली, नखं कापून घेतली आणि पलंगापासून दारापर्यंत जाड सतरंज्या अंथरल्या. आठवड्याने तिने पुन्हा खाली जाऊन विचारलं: "ओरा वा मेल्यो?" आता बरं आहे का. बरं होतं. सिन्योरांना व्यवस्थापकाचा फोन गेला नाही.

कराराची पहिली तीन वर्षं संपली की, नव्या अटी ठरल्या नाहीत आणि मालकाने कायद्यात दिलेल्या मोजक्या कारणांपैकी एखादं दाखवून घर परत मागितलं नाही, तर तो आपोआप आणखी दोन वर्षं चालू राहतो. शेवटच्या पानावरची मायक्रोचिप क्रमांकाची ओळही त्याच्याबरोबर राहील. चिंगी तेव्हा नऊ वर्षांची असेल. दुसरा प्राणी आणायचा झाला तर ती ओळ पुरणार नाही, सिन्योरांना पुन्हा विचारावं लागेल, आणि हे दोघांनी आत्ताच त्यांना सांगून ठेवलं आहे.